डॉ. जॉन फॉदरगिल आणि अ‍ॅकवर्थचे बोर्डिंग

आपल्या मंडळ्यांतील जुन्या पिढीच्या पुष्कळांचे बालपण बोर्डिंगात गेले. म्हणून इंग्लंडातील एका खेड्यातले बोर्डिंग व ते उभारणारे डॉक्टर यांची हकिकत वाचकांस, विशेषतः शब्बाथशाळेच्या शिक्षकांस, आवडेल असे वाटते.

जॉन फॉदरगिल यांचा जन्म १७१२ साली यॉर्कशायरमध्ये एका क्वेकर कुटुंबात झाला. आई लवकर वारली. वडील उपदेशासाठी दूरदूर फिरत. मुलगा आजोळच्या माणसांत वाढला. प्रथम औषधे बनविणाऱ्याकडे उमेदवारी करून त्यांनी पुढे १७३६ साली एडिंबरो येथे वैद्यकाची पदवी मिळविली. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील पदवीसाठी राजमान्य चर्चच्या मतांस संमती द्यावी लागे, आणि क्वेकर मनुष्य ती देत नसे. पुढे त्यांनी जे केले त्याचा उगम माझ्या मते येथेच आहे.

लंडनमध्ये त्यांचा जम चांगला बसला. घशाच्या एका जीवघेण्या रोगावरील त्यांचे १७४८ सालचे पुस्तक नावाजले गेले. बेंजामिन फ्रँकलिन त्यांचे स्नेही. अमेरिकेशी युद्ध होऊ नये म्हणून दोघांनी १७७४-७५ मध्ये पुष्कळ खटपट केली, पण ती फुकट गेली. डॉक्टरांनी लग्न केले नाही. बहीण अ‍ॅन घर पाही.

श्रीमंत क्वेकर आपल्या मुलांना शिकवीत, पण खेड्यापाड्यांत विखुरलेल्या गरिबांच्या मुलांचे काय, हा विचार त्यांना सोडीना. अ‍ॅकवर्थ येथे अनाथ मुलांसाठी बांधलेली मोठी इमारत १७७३ पासून रिकामी पडली होती. ती सुमारे ८५ एकर जमिनीसह ७,००० पौंडांस मिळत होती. डॉक्टरांनी स्वतः पैसे घातले, इतरांना घालावयास लावले, आणि १८ ऑक्टोबर १७७९ रोजी शाळा उघडली. वर्षाची फी आठ गिनी; तीत जेवण, कपडे व शिक्षण सर्व आले. तेवढ्यात भागणे शक्य नव्हतेच. उरलेला भार क्वेकर मंडळीच्या वर्गणीवर होता. थोड्याच वर्षांत मुलांची संख्या ३०० च्या घरात गेली. विशेष हे की, मुलींना पहिल्यापासून जागा होती. त्यांचे वर्ग वेगळे भरत आणि शिवणकाम असेच, पण लिहिणे-वाचणे त्यांनाही शिकवीत.

तेथे सर्व गोड होते असे मात्र समजू नये. शिस्त कडक, खाणे बेताचे, आणि कित्येक वर्षे सुट्टीच नसे. लांबची लेकरे वर्षानुवर्षे घर पाहत नसत. पुढे पार्लमेंटात हिंदुस्थानची बाजू मांडणारे जॉन ब्राइट १८२२ च्या सुमारास तेथे वर्षभर होते, आणि ते दिवस त्यांना सुखाचे गेले नाहीत. गरिबांसाठी म्हणून काढलेल्या संस्थेत काटकसर मुलांच्या ताटापर्यंत कशी पोहोचते, हे आपल्यालाही नवीन नाही.

डॉक्टरांना शाळा चालू झाल्यावर जेमतेम चौदा महिने मिळाले. २६ डिसेंबर १७८० रोजी ते लंडनमध्ये वारले. मृत्युपत्रात त्यांनी अ‍ॅकवर्थच्या मुलांसाठी तजवीज करून ठेवली होती.