स्वामी कुवलयानंद : आसनांना प्रयोगशाळेत नेणारा योगी

जगन्नाथ गणेश गुणे हे नाव घेतले तर फारसे कोणी ओळखणार नाही; स्वामी कुवलयानंद म्हटले की मात्र योगाभ्यास करणारे आदराने हात जोडतात. मला स्वतःला स्वामींपेक्षा गुणे मास्तरांचेच कुतूहल अधिक वाटते.

३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदे संस्थानातील डभोई येथे त्यांचा जन्म झाला. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवून ते बडोदा कॉलेजात शिकले. पुढे १९०७ ते १९१० ही वर्षे त्यांनी बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली काढली. ही आखाड्याची, घाम गाळून शरीर कमावण्याची विद्या. नंतर अंमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीत शिक्षकी पत्करली, तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्यही झाले.

१९१९ साली नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजी या बंगाली योग्याशी त्यांची गाठ पडली. इथला प्रकार आखाड्याच्या अगदी उलट! घाई नाही, हिसका नाही, दमछाक नाही. शरीर सावकाश वळवायचे, त्या स्थितीत स्थिर राहायचे आणि चित्त श्वासाकडे ठेवायचे. एवढ्या संथ हालचालीने शरीराला असे काय होते? दुसरा एखादा शिष्य गुरुकृपा म्हणून गप्प बसला असता. गुणे मास्तरांनी १९२०-२१ मध्ये आपले काही विद्यार्थी सोबत घेतले आणि सरळ बडोद्याचे इस्पितळ गाठले. तेथे उड्डियान आणि नौली या क्रिया चालू असताना पोटात काय घडते, हे त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने पाहिले.

नौली म्हणजे श्वास पूर्ण सोडून पोट आत ओढायचे आणि मधले स्नायू पुढे काढून घुसळायचे. योगी पाण्यात बसून गुदद्वारावाटे पाणी आत खेचतात, ही बस्तिक्रिया लोकांना सिद्धीचाच प्रकार वाटे. स्वामींनी मोजून दाखवले, की नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, म्हणून पाणी आपोआप आत शिरते. पिचकारीचा दट्ट्या मागे ओढल्यावर होते तेच! या निर्वाताला त्यांनी गुरूचे नाव दिले, माधवदास निर्वात. गुरुदक्षिणेचा असा प्रकार मला तरी दुसरीकडे आढळला नाही.

१९२४ च्या ऑक्टोबरात, विजयादशमीला, लोणावळ्यास कैवल्यधाम उभे राहिले आणि त्याच महिन्यात 'योगमीमांसा' हे त्रैमासिक निघाले. त्यात प्रयोगांचे आकडे छापले जात. प्राणायामाने शरीराला खूप जास्त प्राणवायू मिळतो, अशी समजूत तेव्हा होती, आजही ती सर्रास ऐकू येते. स्वामींनी श्वास मोजला, तेव्हा प्राणायामाच्या आवर्तनात प्राणवायू काही जास्त घेतला जात नाही असे दिसले. स्वतः प्राणायामाचा निस्सीम उपासक असलेल्या माणसाने हे लिहून छापले! प्राणायामाचे मोल मज्जासंस्थेला लागणाऱ्या वळणात शोधले पाहिजे, असे त्यांचे मत बनले. त्यांच्या प्रयोगांतली माणसे थोडी असत. आजच्या कसोटीला त्यातले सगळेच उतरणार नाही, हेही सांगितले पाहिजे. पण हट्टाने मोजण्याची सवय त्यांनी लावली, हे खरे.

आपल्या सीमाभागाशीही या कथेचा एक धागा जुळतो. १९२७ च्या मार्चमध्ये दौऱ्यावर असताना गांधीजी निपाणीला आजारी पडले. रक्तदाब फार वाढला होता. पुढे विश्रांतीसाठी त्यांना नंदी टेकडीवर नेण्यात आले. त्याच वर्षी त्यांचा स्वामींशी पत्रव्यवहार झाला आणि योगोपचाराविषयी त्यांनी स्वामींचा सल्ला घेतला. याच्या आदल्याच वर्षी सर्वांगासनात आणि मत्स्यासनात रक्तदाब किती वाढतो याचे प्रयोग लोणावळ्यात झाले होते, म्हणजे सल्ला देणाऱ्यापाशी नुसती पोथी नव्हती.

आजाऱ्यांच्या बाबतीत स्वामी फार सावध असत. सन १९३१ च्या 'आसने' या त्यांच्या इंग्रजी ग्रंथात शवासनाचे वर्णन आहे. निरोगी माणसासाठी अभ्यासक्रम आखून दिला आहे. आणि कान वाहणाऱ्याने किंवा हृदय अशक्त असणाऱ्याने कोणत्या आसनांच्या वाटेला जाऊ नये, हेही बजावले आहे. हल्ली भिंतीवर तक्ता लावून पंचवीस जणांना एकदम शीर्षासनात उभे करणाऱ्यांनी हे पान जरूर वाचावे! आजारातून उठणाऱ्याचा पहिला धडा बहुधा पाठीवर पडून अंग एकेक करून सैल सोडण्याचा असतो, आणि तो दिसतो तितका सोपा नाही. स्वस्थ पडणे मला आजही नीट साधत नाही.

१९३६ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवर ईश्वरदास चुनीलाल योगिक आरोग्य केंद्र सुरू झाले. पुढे लोणावळ्यात योगोपचाराचे रुग्णालयही निघाले. आश्रमाचा लौकिक परदेशीही पोहोचला होता. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे कोवूर बेहानन तिथे राहून अभ्यास करून गेले, १९५७ च्या सुमारास वेंगर आणि बागची हे शास्त्रज्ञ यंत्रे घेऊन आले.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामींनी देह ठेवला. संस्थेची धुरा त्यांचे शिष्य स्वामी दिगंबरजी यांच्याकडे गेली. प्रयोगशाळा चालू राहिली, आणि 'योगमीमांसा' आजही निघते.