डॉ. विल्यम केरी

व्याकरणाचा तास लागला कीं, हें मराठीचें व्याकरण केलें तरी कोणीं, असा त्रासिक प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांच्या मुद्रेवर उमटतो. तें करणारांपैकीं एक गृहस्थ पूर्वी इंग्लंडांत जोडे शिवीत असत, हें त्यांस ठाऊक नसतें.

विल्यम केरी यांचा जन्म १७६१ सालीं नॉर्दॅम्प्टनशर परगण्यांत एका विणकराच्या घरीं झाला. जोडे शिवण्याची उमेदवारी करीत असतांनाच त्यांनीं लॅटिन व ग्रीक भाषांचा अभ्यास आरंभिला. पुढें ते पाळक झाले, परंतु वेतन पुरेना, म्हणून शाळा व जोडे सुटले नाहींत. धंदा हें पोटाचें साधन, आयुष्याचें कार्य प्रभूची सुवार्ता, हा विवेक मात्र त्यांच्या ठायीं तेव्हांपासूनच होता.

१७९३ सालीं ते सहकुटुंब बंगालमध्यें आले. मदनाबती येथें निळीच्या कारखान्याची व्यवस्था पाहत असतां १७९४ सालीं त्यांचा पांच वर्षांचा पीटर वारला. पत्नी डॉरथीबाई यांचें चित्त भ्रमलें, तें १८०७ सालीं त्या निवर्तेपर्यंत ताळ्यावर आलें नाहीं. ह्या बाई मुळांत हिंदुस्थानांत येण्यास राजी नव्हत्या. केरींच्या कार्याचें मोल त्यांनींहि भरलें, आणि तें स्वखुषीनें नव्हे, हें सांगितल्यावांचून आम्हांस पुढें जाववत नाहीं.

१८०० सालीं केरी श्रीरामपुरास राहावयास आले. तेथें मार्शमन, वॉर्ड व ते स्वतः, सर्वांची मिळकत एकाच थैलींत पडे. १८०१ सालीं फोर्ट विल्यम कॉलेजांत त्यांची नेमणूक झाली. वेतन दरमहा ५०० रुपये, पुढें १०००. त्या काळचे हजार! अगदीं थोडे घरखर्चास ठेवून बाकीचे मिशनच्या कामीं जात. दिवसहि तसाच खर्ची पडे. सकाळीं हिब्रू शास्त्रपाठ व प्रार्थना, चहा घेतां घेतां मुनशीपाशीं फारशी, मग पंडितांसह रामायणाचें भाषांतर, दहा वाजतां कॉलेज, परतल्यावर मुद्रितें तपासणें, सायंकाळीं तेलुगु. अशा दिवसांतूनच, वैजनाथ पंडितांच्या साह्यानें, १८०५ सालीं मराठी व्याकरण, १८१० सालीं कोश व १८११ सालीं मराठी नवा करार बाहेर पडला.

११ मार्च १८१२ रोजीं छापखान्यास आग लागली. कित्येक वर्षांच्या श्रमाचीं हस्तलिखितें एका रात्रींत जळालीं. केरी त्या वेळीं कलकत्त्यास होते. परतून त्यांनीं राख पाहिली आणि कांहीं ग्रंथ पुन्हां पहिल्या पानापासून लिहावयास घेतले.

१८१४ सालीं त्यांचा वडील मुलगा फेलिक्स ब्रह्मदेशच्या राजाचा वकील होऊन मोठ्या थाटानें कलकत्त्यास आला. आपल्याकडे अशा प्रसंगीं गांवभर पेढे वांटतात. केरींना मात्र मुलगा सुवार्तेच्या कामांतून खालीं उतरला, असें वाटून दुःख झालें.

९ जून १८३४ रोजीं केरी वारले. जेबेझ ह्या मुलास १५०० रुपये देतां यावे, एवढ्यासाठीं आपलीं पुस्तकें विकावीं, असें त्यांनीं मृत्युपत्रांत लिहून ठेविलें होतें.