कान्होजी आंग्रे आणि त्यांच्या नावाचे प्रवाळपठार

मराठी आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे 4 जुलै 1729 रोजी निवर्तले. त्यांची समाधी अलिबागेत आहे. त्यांचे नाव मात्र विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर, भर समुद्रातही आढळते. तेथे पाण्याखाली वीसेक मीटरवर प्रवाळांचे विस्तीर्ण पठार पसरले असून नकाशांवर ते आंग्रिया बँक म्हणून दाखविले जाते. आंग्रिया हे इंग्रजांच्या तोंडचे आंग्रे. ज्यांनी त्यांना जन्मभर चाचा ठरविले, त्यांच्याच उच्चारात हे नाव टिकले.

कान्होजींचा जन्म 1669 चा. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या आरमारात होते. सिधोजी गुजरांनंतर आरमाराची सूत्रे कान्होजींकडे आली आणि कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग या किल्ल्यांच्या आधाराने त्यांनी कोकणपट्टीवर जम बसविला. त्यांचे दस्तक घेतल्याविना जाणारे व्यापारी जहाज ते अडवीत. इंग्रज व पोर्तुगीज ज्याला चाचेगिरी म्हणत, तो त्यांच्या दृष्टीने राज्याचा हक्क होता. ताराबाईंचा पक्ष धरून असलेल्या कान्होजींवर शाहू महाराजांनी बहिरोपंत पिंगळे यांना पाठविले, तर कान्होजींनी त्या पेशव्यालाच कैद केले! पुढे बाळाजी विश्वनाथांनी तलवारीऐवजी बोलणी केली आणि सरखेल शाहूंच्या पक्षात आले. 1721 च्या अखेरीस मुंबईकर इंग्रज आणि गोव्याचे पोर्तुगीज एकत्र होऊन कुलाब्यावर चालून गेले. गोव्याचा व्हाइसरॉय जातीने मोहिमेवर होता. मोहीम फसली.

या आरमाराची भिस्त गुराबा आणि गलबतांवर होती. वल्ह्यांनी चालणारी हलकी गलबते खाडीत सहज शिरत. मोठी जहाजे बाहेरच खोळंबत. लाकडी जहाजाला आणखी एक वैरी असे, तो बुडाखालचा. खाऱ्या पाण्यात लाकूड बुडाले की थोड्याच काळात त्यावर जीवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. गाणगापुरी भीमा-अमरजेच्या संगमावर स्नानाला उतरणाऱ्या भाविकाचा पाय ज्या ओल्या दगडावरून सरकतो, त्यावरचा थर याच जातीचा. समुद्रात त्यावर कठीण कवचाचे बार्नकल येऊन चिकटतात, बूड खरखरीत होते, वेग मंदावतो. म्हणून जहाजे किनाऱ्यावर ओढून बूड खरवडावे लागे. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत या थराचा आणि बार्नकलच्या पिलांचा अभ्यास दीर्घकाळ चालू आहे.

जहाजाला जाच करणारा हा थर प्रवाळाला मात्र घर दाखवितो. प्रवाळ एकदा रुजला की हलत नाही. त्याचे डिंभ तेवढे काही दिवस, कधी काही आठवडे, पाण्यात तरंगत फिरतात. तांदळाच्या दाण्याहूनही लहान असा हा जीव, त्याला जन्मभराची जागा एकदाच निवडायची असते. तो खडकाला स्पर्शून पाहतो, तेथल्या जीवाणूंची व गुलाबी, चुनकळी शेवाळाची रासायनिक खूण त्याला ओळखता येते. स्यूडोअल्टेरोमोनास नावाच्या जीवाणूंनी तयार केलेल्या एका संयुगाने डिंभांचे रूपांतर सुरू होते, हे ऑस्ट्रेलियातील प्रवाळांवरील प्रयोगांत दिसले. कोऱ्या खडकापेक्षा काही आठवडे जुन्या थराकडे डिंभ अधिक ओढले जातात. पाणी 32 अंशांवर नेले तेव्हा चुनकळी शेवाळावरची जीवाणूंची वसाहत बदलली आणि त्यावर उतरणाऱ्या डिंभांची संख्या घटली.

कान्होजींच्या हयातीत ज्यावरून गलबते गेली असतील, त्या पाण्याची आजची स्थिती यामुळे विचारात घ्यावी लागते. आंग्रिया बँक किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या हद्दीबाहेर आहे. राज्याने किनाऱ्यालगत अभयारण्य घोषित करावे तसे येथे करता येत नाही, तेथला निर्णय केंद्राच्या हाती. नांगर वा तळ खरवडणारे जाळे प्रवाळ मोडते तेव्हा खालचा खडकही उघडा पडतो. त्यावर पुन्हा जीवाणूंचा थर धरायला आठवडे जातात, आणि त्या अवधीत वरून तरंगत जाणाऱ्या डिंभांना तेथे उतरण्याची खूण मिळत नाही.