पंडिता रमाबाई आणि पापाचे ओझे

बाप्तिस्मा घेऊन पुष्कळ वर्षे लोटली तरी जुन्या पापाची बोचणी ज्यांस सोडीत नाही, असे बंधुभगिनी आमच्या मंडळ्यांत थोडे नाहीत. प्रभुभोजनाची वेळ आली की ते मान खाली घालून बाहेर जातात. अशांसाठी आम्ही पंडिता रमाबाई ह्यांचे चरित्र थोडक्यात सांगतो.

बाईंचा जन्म सन १८५८ मध्ये झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी पत्नीस संस्कृत शिकविले, व त्या माउलीने ती विद्या कन्येस दिली. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरे. पापक्षालन व्हावे म्हणून त्यांनी उपास, स्नाने व दानधर्म ह्यांत काही उणे ठेविले नाही. पुढे दुष्काळ पडला, आणि १८७४ च्या सुमारास आईबाप व बहीण थोड्याच काळात मरण पावली. बंधू श्रीनिवास १८८० साली, व पती बिपिनबिहारी मेधावी १८८२ साली वारले.

सन १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे बाईंनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली मुंबईस चौपाटीजवळ त्यांनी विधवांसाठी शारदासदन काढिले. कार्य थोर, कीर्ती मोठी. तथापि अंतःकरणात शांती नव्हती. पूर्वी तीर्थे व व्रते ह्यांवर जसा भरवसा ठेवीत, तसाच आता त्या उपासनेवर व सत्कर्मांवर ठेवीत होत्या.

अशा स्थितीत हॅस्लम नामक इंग्लिश पाळकाचे आत्मवृत्त त्यांच्या हाती आले. हा गृहस्थ इतरांस उपदेश करीत असता त्याचे स्वतःचेच मन पालटले नव्हते. ते पुढे पालटले. ते वाचून बाईंस कळले की, आपणांस ख्रिस्ताचा धर्म मिळाला, परंतु ख्रिस्त मिळाला नाही. सन १८९१ च्या सुमारास, जशा होत्या तशाच, त्या प्रभूच्या चरणी आल्या. ज्याची किंमत त्या जन्मभर भरू पाहत होत्या, ती क्षमा फुकट आहे हे त्यांनी मान्य केले, आणि ओझे उतरले.

ओझे उतरले म्हणून त्या स्वस्थ बसल्या काय? नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुली व विधवा वाचविल्या, आणि केडगाव येथे मुक्तिसदन उभारिले. १९०५ साली तेथील मुलींनी अश्रू ढाळीत आपली पापे पदरी घेतली व त्या आनंदाने गाऊ लागल्या. मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करून ५ एप्रिल १९२२ रोजी बाई प्रभूजवळ गेल्या.

माहुलच्या खाडीवरील आमचे कोळी बांधव जाणतात की, भरती कितीही आली तरी नांगर उचलल्यावाचून होडी हालत नाही. देवाची कृपा भरतीसारखी आली असता आपण जुन्या दोषाचा नांगर का धरून ठेवावा? ज्याचे नुकसान केले त्यास भरून द्यावे, हे खरेच. जक्कयानेही तसे केले. परंतु प्रभू आधी त्याच्या घरी आला, मग त्याने थैली सोडिली. देणे हे क्षमेचे मोल नव्हे, फळ होय.

प्रचारक बंधूंनो, जो मान खाली घालून बाहेर जातो, त्याच्या घरी ह्याच आठवड्यात जा. त्याचे पाप हलके आहे असे त्यास सांगू नका. ते उचलणारा समर्थ आहे, हे सांगा. पुढील प्रभुभोजनास तो आपल्याशेजारी बसो.