एका जागेचे मोल : जोगेंद्रनाथ मंडल

निवडणुकीचा निकाल लागला की आपल्याकडे फक्त जागा मोजल्या जातात. जागा कमी आल्या की चळवळ संपली, असे सांगायला विरोधकांइतकीच घाई आपल्यातल्याही काहींना असते. अशा वेळी 1946 ची बंगाल प्रांताची निवडणूक आणि जोगेंद्रनाथ मंडल हे नाव आंबेडकरी माणसाने आठवायला हवे.

जोगेंद्रनाथांचा जन्म 1904 साली पूर्व बंगालमधील बाकरगंज जिल्ह्यातल्या, म्हणजेच बारिसाल भागातल्या एका खेड्यात, गरीब नामशूद्र शेतकरी कुटुंबात झाला. हालअपेष्टा सोसून ते शिकले, वकील झाले. 1937 च्या प्रांतिक निवडणुकीत ते राखीव नव्हे, तर सर्वसाधारण जागेवर अपक्ष उभे राहिले आणि काँग्रेसच्या सवर्ण उमेदवाराला हरवून विधिमंडळात गेले. पुढे 1943 मध्ये त्यांनी बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची बंगाल शाखा उभी केली.

मग आली 1946 ची निवडणूक. देशभरातील प्रांतिक विधिमंडळांत अस्पृश्यांसाठी 151 राखीव जागा होत्या. त्यांपैकी फेडरेशनच्या वाट्याला फक्त दोन आल्या. बाबासाहेबांच्या स्वतःच्या मुंबई प्रांतात एकही नाही! बंगालमधून निवडून आलेले फेडरेशनचे एकमेव उमेदवार म्हणजे जोगेंद्रनाथ मंडल.

हा पराभव अस्पृश्य मतदारांनी केला होता काय? पुणे करारानुसार अस्पृश्यांची प्राथमिक निवडणूक होई. चारपेक्षा जास्त उमेदवार असले तर अस्पृश्य मतदार त्यांतले चार निवडत. पण त्या चौघांतून आमदार कोण, हे संयुक्त मतदारसंघात ठरे. तिथे सवर्णांची मते जास्त. त्यामुळे आपल्या माणसांनी पुढे केलेला उमेदवार मागे पडे आणि काँग्रेसला चालणारा निवडून येई. बाबासाहेबांनी प्राथमिक निवडणुकीचे आकडे मांडून ब्रिटिशांना हेच दाखवून दिले. तरीही अंतिम निकालाकडे बोट दाखवून काँग्रेस हीच अस्पृश्यांची प्रतिनिधी ठरवली गेली आणि कॅबिनेट मिशनने फेडरेशनला बाजूला सारले. त्याविरुद्ध जुलै 1946 मध्ये पुण्यात विधिमंडळासमोर फेडरेशनच्या कार्यकर्त्यांनी सत्याग्रह केला, तुरुंग भरले.

त्याच महिन्यात संविधान सभेची निवडणूक झाली. तिचे मतदार होते प्रांतिक आमदार. मुंबईत फेडरेशनचा एकही आमदार नव्हता. मग बाबासाहेबांना पाठवणार कोण? इथे बंगालची ती एक जागा कामी आली. मतदान प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या पद्धतीने असल्याने मोजकी पहिल्या पसंतीची मते पुरेशी होती. जोगेंद्रनाथांनी बंगालमधील इतर अनुसूचित जातींच्या आमदारांना गाठले, काँग्रेसचा दबाव झुगारून मते जमवली आणि बाबासाहेबांना बंगालमधून निवडून आणले. ज्यांच्यासाठी संविधान सभेची दारे बंद केली होती, ते याच मार्गाने आत पोहोचले.

फाळणीने बंगालमधली ती जागा गेली. पण तोवर सभेतील बाबासाहेबांच्या कामाने त्यांची गरज सर्वांना पटली होती. जुलै 1947 मध्ये मुंबई विधिमंडळाला, म्हणजे काँग्रेसलाच, त्यांना निवडून पाठवावे लागले.

जोगेंद्रनाथांचा पुढचा प्रवास मात्र दुःखाचा आहे. पूर्व बंगालमधील नामशूद्र आणि मुसलमान शेतकरी यांना लुबाडणारे जमीनदार-सावकार बहुतांशी सवर्ण. म्हणून या दोघांनी एकत्र यावे, असे त्यांचे मत होते. त्या विश्वासाने ते लीगबरोबर गेले, ऑक्टोबर 1946 मध्ये लीगतर्फे केंद्राच्या हंगामी सरकारात गेले आणि 1947 मध्ये पाकिस्तानचे पहिले कायदा व मजूरमंत्री झाले. तो विश्वास फोल ठरला. 1950 च्या आरंभी पूर्व बंगालमध्ये झालेल्या दंगलींत त्यांच्याच समाजाची माणसे मारली गेली, हजारो निर्वासित झाली. ऑक्टोबर 1950 मध्ये राजीनामा देऊन ते कलकत्त्यास परतले. तिथेही त्यांच्यावर शंकाच घेतली गेली. निवडणुका लढवल्या, यश आले नाही. निर्वासितांच्या प्रश्नासाठी झटत राहिले आणि 1968 मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचा पाकिस्तानबाबतचा निर्णय चुकला, हे मान्य करायला संकोच नको. पण त्या एका चुकीच्या आड त्यांचे ऋण झाकून टाकणे हा कृतघ्नपणा होईल. 26 नोव्हेंबरला आपण संविधान दिन साजरा करतो, तेव्हा बारिसालच्या या शेतकरीपुत्राचेही स्मरण व्हावे.

बांधवांनो, 1946 साली फेडरेशनचे बंगालमध्ये अनेक आमदार नव्हते, एकच होता. पण तो विकला गेला नाही. आज आपल्या नावावर निवडून गेलेले किती जण विधिमंडळात बसले, हे अवश्य मोजा. पण त्यांच्यातला जोगेंद्रनाथ कोण, हे आधी विचारा.