सल्ला देणारा माणूस

पूल पडला की अभियंत्याचे नाव वर्तमानपत्रात येते. पूल उभा राहिला तर उद्घाटन करणाऱ्याचे येते. त्यातही पूल प्रत्यक्ष बांधणाऱ्या कंत्राटदाराची पाटी कुठेतरी कोपऱ्यात असते. पण पूल इथे नको, दोन मैल वरच्या अंगाला घ्या, असे सांगणाऱ्याचे काय? त्याने दिलेला असतो तो फक्त सल्ला. सल्ला चांगला निघाला तर काहीच घडत नाही. पूर येतो आणि निघून जातो, नळाला पाणी येते, कुणाला काही आठवण्याचे कारणच उरत नाही. अलीकडे सल्लागार अभियंत्यांना आणि आराखडे करणाऱ्या संस्थांना पारितोषिके देण्याचे समारंभ ठिकठिकाणी होतात. ते व्हायलाच हवेत. पण न घडलेल्या संकटाचे मोल परीक्षकांनी कोणत्या मापाने करायचे, हा प्रश्न अवघड आहे. आपल्या देशात हा प्रश्न पहिल्यांदा ठळकपणे उभा राहिला तो ज्या माणसाच्या निमित्ताने, त्याच्या जन्मदिवसाला १९६८ पासून आपण अभियंता दिन म्हणतो. त्या माणसाची घडण मात्र पुण्यात, धुळ्यात, नाशकात आणि नीरेच्या कालव्यावर झाली, हे आपल्याकडच्या पुष्कळांना ठाऊक नसते.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळी या खेड्यातले. जन्म १५ सप्टेंबर १८६१ असे सर्वत्र दिले जाते. टपाल खात्याने मात्र त्यांची शंभरी १९६० मध्येच धरली आणि तिकीट काढले. घरात संस्कृत विद्या होती, पैसा नव्हता. वडील लवकर गेले. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकताना हा मुलगा एका घरी शिकवण्या करून राहत असे. १८८१ मध्ये मद्रास विद्यापीठाची बी.ए. झाली आणि म्हैसूर सरकारने शिष्यवृत्ती देऊन त्याला पुण्याला पाठवले, त्या वेळच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये. म्हणजे आजचे सीओईपी.

१८८३ च्या एल.सी.ई. परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले आणि त्यांना जेम्स बर्कले पारितोषिक मिळाले. हा बर्कले म्हणजे जी.आय.पी. रेल्वेचा मुख्य अभियंता. मुंबई-ठाणे गाडी आणि बोरघाटाचा लोहमार्ग यांमागे त्याचे डोके होते, आणि घाटातून गाडी धावलेली पाहण्याआधीच तो वारला. एका अभियंत्याच्या स्मरणार्थ ठेवलेले बक्षीस दुसऱ्या, होऊ घातलेल्या अभियंत्याला मिळाले. त्या काळी पहिल्या येणाऱ्याला सरकारी नोकरी ठरलेली असे. १८८४ मध्ये विश्वेश्वरय्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता झाले. पहिली नेमणूक नाशिकला, आणि लवकरच खानदेशात.

धुळ्याजवळ पांझरेच्या पात्राखालून पाटाचे पाणी नळाने पलीकडे न्यायचे होते. साधेच काम. पण पावसाळा तोंडावर आला, नदीला लोंढे येऊ लागले, खोदलेला पाया वाळूने भरून जाऊ लागला. तरुण अधिकाऱ्याने काम पावसाळ्यानंतर करू असे वर कळवले. वरच्या साहेबाला तो कामचुकारपणा वाटला. विश्वेश्वरय्यांनी मग वाद न घालता ते काम पुरे करून दाखवले. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांतली ही गोष्ट त्यांना नव्वदीपर्यंत लक्षात राहिली होती, आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी ती लिहिली आहे. सल्ला बरोबर असूनही तो ऐकला जाईलच असे नाही, हा धडा त्यांना पांझरेने दिला असावा.

पुढे सक्कर. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. सिंधू नदी गावाला लागून वाहते, पण पाणी इतके गढूळ की प्यायची सोय नाही, आणि गाळण्यासाठी मोठे हौद बांधण्याइतके पैसे नगरपालिकेकडे नाहीत. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच, काठाशी, विहीर खणवली. वाळूच्या थरांतून झिरपत येणारे पाणी आपोआप स्वच्छ होऊन विहिरीत जमे. तिथून ते पंपाने टेकडीवरच्या टाकीत चढवायचे. नदीकाठच्या आपल्या बायाबापड्या उन्हाळ्यात वाळूत झिरा उकरून घागर भरतातच की! त्याच तत्त्वाला त्यांनी पंप आणि टाकी जोडली. खर्च वाचला तो इथे. माझ्या मते चांगल्या सल्लागाराची ही पहिली खूण आहे: गिऱ्हाइकाचा खिसा पाहून तो निसर्गाकडून जेवढे फुकट घेता येईल तेवढे घेतो.

१८९९ मध्ये ते पुण्याला कार्यकारी अभियंता म्हणून आले आणि त्यांच्या आयुष्यातला सर्वांत सकस काळ सुरू झाला. न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी त्यांचा स्नेह होता. पुण्याला पाणी देणारा खडकवासल्याचा तलाव, त्या वेळचा लेक फाईफ, पावसाळ्यात भरून सांडव्यावरून वाहून जाई आणि उन्हाळ्यात अपुरा पडे. धरण उंच करणे म्हणजे जुन्या दगडी बांधावर नवा भार. विश्वेश्वरय्यांनी बांधाला हात लावला नाही. त्यांनी सांडव्यावर दरवाजे बसवले, तेही असे की ते उघडायला माणूस नको. पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत दार बंद, त्याच्या वर चढले की पाण्याच्याच जोराने वजने हलून दार उघडे, पातळी उतरली की पुन्हा बंद. सांडव्यावर सुमारे आठ फूट पाणी जास्त साठू लागले. अंधाऱ्या रात्री, मुसळधार पावसात, चौकीदार झोपला तरी धरणाला धोका नाही, हा त्यातला खरा विचार. या दरवाजांचे पेटंट त्यांनी घेतले. सरकारी नोकरीत असताना केलेल्या कामाचे मानधन मात्र घेतले नाही, असे सांगतात. पुढे ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणावर आणि कृष्णराजसागरावर त्याच पद्धतीचे दरवाजे लागले.

त्या खडकवासल्याच्या जुन्या बांधाचे पुढे काय झाले ते पुणेकरांना सांगायला नको. १२ जुलै १९६१ रोजी वरचे पानशेत फुटले, तो लोंढा खडकवासल्याला पेलवला नाही आणि तोही बांध गेला. कुठलाही सांडवा एवढ्या पाण्यासाठी आखलेला नसतो. विश्वेश्वरय्या तेव्हा शंभरीच्या उंबरठ्यावर, बंगळूरला हयात होते.

नीरेच्या कालव्यावर त्यांनी केलेले काम दरवाजांपेक्षा कमी प्रसिद्ध आहे, पण मला ते जास्त अवघड वाटते. कालव्याचे पाणी ज्याच्या शेताशी आधी पोहोचते तो ते मनसोक्त घेतो, ऊस तुंबवतो, जमीन चोपण होते; शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला कोरडा पाट दिसतो. पाटकऱ्याशी ओळख असली की रात्रीचे पाणी मिळते. विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत आणली. ठरावीक जमिनीचे गट पाडायचे, गटाच्या एका भागातच ऊस, बाकीच्यात कमी पाण्याची पिके, आळीपाळीने. पाणी मापून आणि आधी ठरवून. साहजिकच विरोध झाला. मुबलक पाण्याची सवय झालेल्यांना मोजून पाणी आवडेल कसे? हळूहळू ती पद्धत रुळली. लोखंडाचे दार वजनाने हलते, माणसांना हलवायला बैठकांवर बैठका घ्याव्या लागतात. आजही आपल्या कालव्यांवर टोकाच्या शेताला पाणी पोहोचते का, हे एकदा जाऊन पाहावे.

एडनचा पाणीपुरवठा, इलाख्यातल्या शहरांची गटारे, समित्या, अहवाल: कामे वाढत गेली आणि अनेक ज्येष्ठांना ओलांडून बढत्याही मिळाल्या. एडनच्या कामानंतर कैसर-इ-हिंद पदक मिळाले. पण पदक देणारे सरकार मुख्य अभियंत्याची खुर्ची एतद्देशीय माणसाला देणार नव्हते. हे त्यांनी ओळखले आणि पूर्ण पेन्शनची मुदत भरण्याआधीच, १९०८ मध्ये, नोकरी सोडली. सरकारने विशेष कामगिरी म्हणून पेन्शन मात्र दिली. गुणांची कदर आणि गुणांची किंमत या दोन गोष्टी निराळ्या असतात.

ते युरोपात हिंडत होते तेव्हा हैदराबादेत आकाश फाटले. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदी शहरात शिरली आणि सुमारे पंधरा हजार माणसे गेली असे मानले जाते. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावले. प्रवास पुरा करून एप्रिल १९०९ मध्ये ते पोहोचले. सरकारी अधिकारी म्हणून नव्हे, सल्लागार म्हणून.

त्यांनी काय केले? आधी काहीच बांधले नाही. पर्जन्यमापकांच्या नोंदी गोळा केल्या. शमशाबादला २४ तासांत १२.८ इंच पाऊस झाला होता. मग नदीच्या खोऱ्यातले तलाव मोजले. ते निघाले ७८८, म्हणजे जवळजवळ दर चौरस मैलाला एक. त्यांतले २२१ फुटले होते. पूर नुसता पावसाचा नव्हता. एक तलाव फुटून खालच्यावर, तो फुटून त्याखालच्यावर, असा तो शहरापर्यंत आला होता. शहरात उंच भिंती बांधून हे थांबणार नाही, पाणी शहराच्या वरच अडवले पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष. मुसीवर एक आणि तिच्या ईसी या उपनदीवर दुसरा असे दोन जलाशय त्यांनी सुचवले. पूर थोपवायचे तेच पाणी शहराला प्यायलाही मिळेल. १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर पूर्ण झाले. बांधणारे दुसरे होते. आज हैदराबादचा प्रवासी त्या तलावाकाठी फोटो काढतो तेव्हा १९०९ चा अहवाल कुणाच्या मनात येतो?

नोव्हेंबर १९०९ मध्ये म्हैसूरने त्यांना मुख्य अभियंता केले आणि १९१२ मध्ये दिवाण. कृष्णराजसागराचे काम १९११ मध्ये सुरू झाले; मद्रास सरकारने हरकत घेतली, लवाद झाले, १९२४ मध्ये करार झाला, आणि सुरखी-चुन्यात बांधलेले सुमारे १३० फुटी धरण १९३० च्या दशकाच्या आरंभी पुरे झाले. मंड्या जिल्हा त्याने हिरवा केला. पाण्याखाली गेलेल्या गावांचा हिशेब मात्र गौरवग्रंथांत फारसा सापडत नाही, आणि कावेरीच्या वाटपाचा तंटा २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत चालला. १९१३ ची म्हैसूर बँक, १९१६ चे विद्यापीठ, त्यामागोमाग बंगळूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय हीही त्याच सहा वर्षांतली. १९१५ मध्ये ते ‘सर’ झाले.

दिवाणपद गेले ते एका मतभेदातून. सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणेतर समाजांना जागा मिळाव्यात यासाठी महाराजांनी १९१८ मध्ये मिलर समिती नेमली. विश्वेश्वरय्यांचा आग्रह केवळ गुणवत्तेचा. ते बाजूला झाले. या ठिकाणी त्यांची बाजू घेणे मला जमत नाही. गुण पारखायचे तर आधी शाळेची दारे उघडी हवीत. मुद्देनहळ्ळीचा हा मुलगा तरी शिष्यवृत्तीवाचून पुण्याला कसा पोहोचला असता? पण मत पटत नाही म्हणून पद सोडणारा दिवाण, हेही तेवढेच दुर्मीळ.

त्यांच्याविषयी दंतकथा पुष्कळ. गाडीत झोपले असताना रूळ तुटल्याचा आवाज ओळखून साखळी ओढली ही त्यांतली सर्वांत लाडकी. शाळेच्या पुस्तकासाठी ठीक आहे. दिवाणपद घेण्याआधी नातेवाइकांना बोलावून कुणीही वशिला मागायचा नाही, असे बजावल्याची गोष्ट मात्र त्यांच्या स्वभावाला शोभते.

यानंतर ते चाळीसहून अधिक वर्षे सल्लाच देत राहिले. १९२३ ते १९२९ भद्रावतीच्या तोट्यातल्या लोखंड कारखान्याचे अध्यक्ष, १९२७ पासून टाटा स्टीलचे संचालक. १९३४ मध्ये नियोजनबद्ध अर्थव्यवस्थेवर पुस्तक, तेही सरकारी योजना मंडळ कुणाच्या स्वप्नातही नसताना. १९५२ मध्ये गंगेवर पूल कुठे बांधावा हा प्रश्न आला, तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या या गृहस्थांनी बिहारच्या उन्हात जागा पाहिल्या. मोकामाचा तो पूल १९५९ मध्ये खुला झाला. १९५५ मध्ये भारतरत्न मिळाले; या सन्मानामुळे सरकारची स्तुती करायला मी बांधला जाणार नाही, असे त्यांनी आधीच कळवले होते म्हणतात. एप्रिल १९६२ मध्ये ते गेले.

भद्रावतीच्या कामाचे मानधन त्यांनी वर्षानुवर्षे उचललेच नव्हते. ती रक्कम साठत गेली, तेव्हा तिच्यातून कारागिरांना आणि तंत्रज्ञांना शिकवणारी संस्था काढावी असे त्यांनी सुचवले. संस्थेला त्यांचेच नाव द्यावे असे ठरत होते. त्यांनी ते नको म्हटले आणि महाराजांचे नाव सुचवले. बंगळूरला १९४३ पासून ती श्री जयचामराजेंद्र या नावानेच चालते.