जीवनजलाचा पहारेकरी

अबकारी खात्याचा अधिकारी आणि ललित लेखक एकाच देहात नांदणे तसे दुर्मीळच. एकाने पिंपात मद्य किती आहे ते मोजायचे, तर दुसऱ्याने त्या मद्यात काय दडले आहे याचा शोध घ्यायचा. स्कॉटलंडच्या भूमीत मात्र हा योग दोनदा जुळून आला. त्या देशाचे राष्ट्रकवी रॉबर्ट बर्न्स १७८९ साली अबकारी खात्यात रुजू झाले होते. त्यानंतर शतकाहून अधिक काळाने त्याच खात्याच्या नोंदवह्या सांभाळत नील मिलर गन कादंबऱ्या लिहू लागले. आज सिंगल माल्ट व्हिस्कीचा आस्वाद हा जगभर अभ्यासाचा आणि प्रतिष्ठेचा विषय झाला आहे. मात्र ही व्हिस्की नामशेष होण्याच्या वाटेवर असताना तिची बाजू मांडणाऱ्या मोजक्या लेखकांत गन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

गन यांचा जन्म ८ नोव्हेंबर १८९१ रोजी स्कॉटलंडच्या ईशान्य टोकाला, केथनेस परगण्यातील डनबीथ या किनाऱ्यावरच्या गावी झाला. वडील हेरिंग मासळी पकडणाऱ्या नौकेचे तांडेल. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जमीनदारांनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी खोऱ्याखोऱ्यांतील कुळांना हुसकावून लावले होते. पूर्वजांच्या जमिनीवरून उठलेली ती माणसे किनाऱ्याला आली आणि दर्यावर जगू लागली. या विस्थापनाच्या कथा ऐकतच नील लहानाचे मोठे झाले. डनबीथची नदी, तिच्यातला सॅमन मासा, वरचे उजाड खोरे आणि समोरचा खवळलेला समुद्र ही त्यांची शिदोरी त्यांना जन्मभर पुरली.

शिक्षणासाठी १९०४ साली त्यांना दक्षिणेकडे, विवाहित बहिणीच्या घरी पाठवण्यात आले. पुढे नागरी सेवेची परीक्षा देऊन १९०७ साली, ऐन पौगंडावस्थेत, ते लंडनला कारकून म्हणून दाखल झाले. लंडन, मग एडिंबरो, आणि १९११ साली अबकारी खाते. या नोकरीने त्यांना पुन्हा उत्तरेकडे नेले. डोंगराळ हायलँड्समधील एका डिस्टिलरीतून दुसरीकडे बदलीवर जाताना त्यांना मॉरिस वॉल्श हे आयरिश सहकारी भेटले. तेही पुढे नामवंत लेखक झाले. मासेमारी, भटकंती आणि साहित्य या समान आवडींतून जुळलेला हा स्नेह कायम टिकला. १९२१ साली डेझी फ्रू यांच्याशी गन यांचा विवाह झाला. १९२३ साली इनव्हर्नेस शहरातील ग्लेन मोर डिस्टिलरीत त्यांची नेमणूक झाली आणि पुढची चौदा वर्षे ते तेथेच राहिले.

डिस्टिलरीतील अबकारी अधिकाऱ्याचे स्थान मोठे चमत्कारिक असे. भट्टीतून उतरणारे मद्य काच आणि पितळेच्या कुलूपबंद पेटीतून वाहत असे. तिला सरकारी कुलूप असे. पिंपांच्या गोदामाला तर दोन कुलपे, एक मालकाचे आणि एक सरकारचे. दोघे हजर असल्याखेरीज दार उघडत नसे. मद्याचा थेंबही हिशेबाबाहेर जाऊ नये म्हणून हा पहारा. गन यांनी तो चोखपणे केला. परंतु कामाचा पसारा बेताचा असल्याने लेखनाला वेळ मिळे. ‘द ग्रे कोस्ट’ ही त्यांची पहिली कादंबरी १९२६ साली आली, तर १९३०च्या ‘मॉर्निंग टाइड’ने त्यांना मोठा वाचकवर्ग मिळवून दिला.

कॅलेडोनियन कालव्याच्या काठावरील या डिस्टिलरीत त्यांच्या डोळ्यांसमोर रोज एक जुनी विद्या घडत होती. भिजवलेल्या जवांना मोड आणायचे, ते भट्टीच्या उष्णतेवर आणि पीटच्या धुरावर सुकवायचे, भरडून गरम पाण्यात त्यांचा गोड अर्क काढायचा, तो आंबवायचा आणि तांब्याच्या मोठ्या भांड्यांत दोनदा ऊर्ध्वपातन करायचे. आरंभीची तिखट आणि अखेरची जड धार बाजूला सारून फक्त मधली धार राखायची. ती ओकच्या पिंपात वर्षानुवर्षे मुरत ठेवायची. एकाच डिस्टिलरीत, निव्वळ मोड आलेल्या जवांपासून बनलेली ही सिंगल माल्ट. पाणी, पीट, भांड्याचा आकार आणि पिंपाचे लाकूड यांनी तिचा स्वभाव घडतो. म्हणून शेजारच्या दोन गावांची व्हिस्कीही सारखी नसते. तिची परीक्षा जिभेआधी नाकाने करायची असते. थोडे पाणी घातले की दबलेला गंध मोकळा होतो. मग पहिला घोट, आणि घोट उतरल्यावर मागे रेंगाळणारी चव. ही परीक्षा गन यांच्या रोजच्या परिसराचाच भाग होती.

पण बाजारात चित्र निराळे होते. १८३० साली ईनियस कॉफी यांनी अखंड चालणाऱ्या उभ्या भट्टीचे पेटंट घेतले. योगायोग असा की कॉफी हेही आयर्लंडच्या अबकारी खात्यातलेच माजी अधिकारी! या भट्टीतून मका व इतर धान्यांचे स्वस्त, सौम्य मद्य मोठ्या प्रमाणावर निघू लागले. त्यात थोडी माल्ट मिसळून केलेल्या मिश्र व्हिस्कीने जग जिंकले. या धान्यमद्याला व्हिस्की म्हणावे काय, हा वाद १९०५-०६ साली लंडनच्या इज्लिंग्टन भागातील न्यायालयात गेला. तेथे निकाल माल्टवाल्यांच्या बाजूने लागला खरा, पण १९०९ साली शाही आयोगाने दोन्ही मद्यांना व्हिस्की म्हणण्यास मान्यता दिली. त्यापाठोपाठ करवाढीचे तडाखे बसले. प्रूफ गॅलनमागे १९०९ पूर्वी ११ शिलिंग असलेला कर १९२० साली ७२ शिलिंग ६ पेन्सवर गेला. त्याच वर्षी अमेरिकेत दारूबंदी आली, पुढे जागतिक मंदी आली. १९३०च्या दशकाच्या प्रारंभी स्कॉटलंडमधील बहुतेक माल्ट भट्ट्या थंडावल्या होत्या. माल्ट उरली ती मुख्यतः मिश्रणाचा घटक म्हणून.

या पार्श्वभूमीवर १९३५ साली गन यांचे ‘व्हिस्की अँड स्कॉटलंड’ प्रसिद्ध झाले. पुस्तक छोटे, पण त्याचा आवाका मोठा. गेलिक भाषेत या पेयाला जीवनजल म्हणतात, आणि व्हिस्की हा शब्द त्यातूनच आला. गन यांच्या मते ते एका लोकसमूहाच्या इतिहासाचा अर्क होते. भाषा लोपली, कुळे उठली, आणि आता हे पेयही केवळ व्यापाराचा माल होऊ पाहत होते. मात्र त्यांनी आंधळी भलामण केली नाही. कच्ची, पुरेशी न मुरलेली माल्ट बाजारात आणून लोकांची तोंडे बिघडवणाऱ्यांना त्यांनी दोष दिला. उत्तम मुरलेली माल्ट नशिबाने वाट्याला येईपर्यंत माणसाला व्हिस्की म्हणजे काय ते कळतच नाही, असे त्यांचे मत होते. बाटलीत काय आहे हे घेणाऱ्याला समजले पाहिजे, आणि अवाजवी कराने एक अस्सल कारागिरी मारली जाऊ नये, हा त्यांचा आग्रह होता.

या आग्रहातच त्यांच्या आयुष्यातला पेच होता. जो कर या भट्ट्यांच्या जिवावर उठला होता, तोच मोजण्याचे वेतन ते घेत होते. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चळवळीशी त्यांचा निकटचा संबंध होता. १९३४ साली स्कॉटिश नॅशनल पार्टी उभी राहिली, त्यामागील वाटाघाटींत त्यांचा पडद्यामागून सहभाग होता. दिवसा लंडनच्या तिजोरीचा रखवालदार आणि रात्री स्कॉटलंडच्या स्वत्वाचा पुरस्कर्ता, असे हे दुहेरी जीवन फार काळ चालणारे नव्हते.

निर्णयाची घटिका १९३७ साली आली. डनबीथच्या नदीत नुसत्या हातांनी सॅमन पकडणाऱ्या मुलाची कथा सांगणारी ‘हायलँड रिव्हर’ प्रसिद्ध झाली. तिला जेम्स टेट ब्लॅक पुरस्कारही लाभला. वयाच्या पंचेचाळिशीत, निवृत्तिवेतनाची हमी असलेली सरकारी नोकरी सोडून गन केवळ लेखणीच्या भरवशावर बाहेर पडले. एक जुनी नौका घेतली आणि पत्नीसह पश्चिमेकडील बेटांच्या सफरीवर निघाले. त्या प्रवासावर त्यांनी १९३८ साली पुस्तकही लिहिले. नंतर डिंगवॉलजवळच्या एका शेतघरात त्यांनी मुक्काम केला. हेरिंग मच्छीमारांची महागाथा ठरलेली ‘द सिल्व्हर डार्लिंग्ज’ तेथेच लिहिली गेली आणि १९४१ साली प्रसिद्ध झाली. डनबीथच्या त्या मुलाने पूर्वजांचे ऋण तिच्यात फेडले.

उत्तरायुष्यात ते झेन विचाराकडे वळले. ‘द अ‍ॅटम ऑफ डिलाइट’ हे १९५६ सालचे आत्मकथन त्याच वळणाचे. १९६३ साली पत्नीचे निधन झाले आणि ते एकाकी झाले. त्याच वर्षी ग्लेनफिडिक कंपनीने आपली सिंगल माल्ट स्कॉटलंडबाहेर पद्धतशीरपणे विकावयास आरंभ केला आणि माल्टच्या पुनरुज्जीवनाची चाहूल लागली. १५ जानेवारी १९७३ रोजी गन यांनी जगाचा निरोप घेतला.

ज्या भट्टीजवळ हे सारे विचार जन्मले, ती ग्लेन मोर मात्र वाचली नाही. १९८३ साली ती बंद पडली आणि १९८६ साली पाडण्यात आली. आज त्या जागी दुकाने उभी आहेत. उरल्यासुरल्या बाटल्यांसाठी संग्राहक मोठ्या रकमा मोजतात. दुसरीकडे, २००९च्या कायद्याने सिंगल माल्टची व्याख्या काटेकोर केली. एकच डिस्टिलरी, केवळ मोड आलेले जव, पॉट स्टिल, ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे, आणि लेबलवर वर्गाचा स्पष्ट उल्लेख. बाटलीत काय आहे ते सांगा, ही १९३५ सालची मागणी पाऊण शतकाने कायद्याच्या भाषेत उतरली. कुलपाची किल्ली सांभाळणाऱ्या त्या पहारेकऱ्याने राखले ते सरकारच्या महसुलाहून कितीतरी मोलाचे होते.